कोयनाची वेणी

"बघा ताई, कशी उभी राहिलीय," मृण्मयी म्हणाली. "नीराची वेणी घालायची तर दोन माणसं धरायला लागतात. हिला नुसती फणी दाखवायची. हिला आवडतंच ते."

कोयना खरोखरच फोटो काढायला उभं केल्यासारखी उभी होती. मृण्मयी उलट्या बादलीवर चढून तिच्या आयाळीच्या सारख्या बटा करत होती, एकेका बटेचे तीन पेड घट्ट ओढत होती आणि लाल लोकरीने बांधून टाकत होती. मानेवरून अशा लहान लहान वेण्यांची रांग उतरत चालली होती. कोयनाने शेपटीसुद्धा हलवली नाही. मी खाली तिच्या पुढच्या पायांशी बसून तिच्या छातीवरचा ठोके मोजायचा पट्टा नीट चिकटावा म्हणून तिसऱ्यांदा ओला करत होते, कारण माझ्या मनगटावरचं घड्याळ सांगत होतं की या घोडीचे ठोके मिनिटाला चौऱ्याण्णव पडताहेत.

निवांत उभ्या घोड्याचे ठोके पस्तीस-चाळीस असतात. चौऱ्याण्णव म्हणजे घोडा चांगला दुडक्या चालीने पळतोय. इथे तर माशी उडवायलाही तिची कातडी थरथरत नव्हती. शेजारच्या ठाणात नीरा मात्र दात विचकत होती, पाय आपटत होती, लोकर ओढून फेकून देत होती आणि तिच्या छातीवरचा पट्टा तिचे ठोके जेमतेम पन्नास दाखवत होता. कोयनाचा पट्टा बिघडलाय हे मी ठरवून टाकलं. पट्टे परदेशातून आलेले, मिळवताना नाकी नऊ आलेले, आणि दोनातला एक असा. मी मनातल्या मनात त्या कंपनीला दोन शिव्या दिल्या.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. मी पशुवैद्यकाची पदवी घेऊन पुढचं संशोधन करत होते. खेळात उतरवल्या जाणाऱ्या घोड्यांना ताण येतो का, आणि येत असेल तर तो मोजायचा कसा, असा माझा विषय. तो ऐकून लोक हसायचे. माझा मामा म्हणाला होता, आधी तुझ्या मामीसमोर मला उभं कर आणि माझा मोज. मोजायच्या दोन पद्धती होत्या. एक म्हणजे हे पट्टे. दुसरी म्हणजे घोड्याच्या गालात कापसाचा बोळा फिरवायचा आणि लाळेत ताणाचं द्रव्य किती उतरलंय ते प्रयोगशाळेतून तपासून आणायचं. लाळेचे अहवाल यायला महिने लागत, त्यामुळे रोजची भिस्त पट्ट्यांवर होती.

साताऱ्याबाहेरच्या माळावर घोडेस्वारीची एक शाळा होती, तिथे मी मुक्कामाला होते. शाळा चालवायचे भोइटे सर. घोडदळातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, पण पाठ अशी की भिंतीला लाज वाटावी. घोड्यांना त्यांनी नद्यांची नावं दिली होती. कोयना, नीरा, वेण्णा, उरमोडी. मला ते डॉक्टरबाई म्हणायचे आणि माझ्या पट्ट्यांना कमरपट्टे म्हणायचे. घोडा हाताला कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चुकीचं होतं असं नाही, फक्त त्यामुळे माझ्या कामाची काही गरज उरत नव्हती.

तरी त्यांनी मला ठेवून घेतलं ते कोयनामुळे. शाळेतली ही सर्वांत चांगली घोडी. तांबूस अंग, कपाळावर पांढरा टिळा. अडथळ्यांवरून अशी जायची की खाली काही होतं हे तिला कळलंच नसावं. पण प्रत्येक स्पर्धेहून परतली की तिच्या पोटात दुखायचं. घोड्याची पोटदुखी म्हणजे आपल्यासारखी ओवा खाऊन बरी होणारी गोष्ट नाही. घोडा जमीन उकरतो, वळून वळून पोटाकडे बघतो, लोळायला लागतो, आणि आतडं पिळलं तर जातो. दरवेळी रात्रभर तिला फिरवावं लागायचं. चारा बदलून झाला, पाणी बदलून झालं. मुलाणीमामा म्हणून तिथले मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखणारे, त्यांनी दृष्ट काढून पाहिली आणि पायात काळा दोराही बांधला. शाळा ज्या संस्थेची होती तिच्या कमिटीचा धीर सुटत चालला होता. लग्नाच्या वरातीला घोड्या पुरवणारा एक जण तिला दोनदा बघून गेला होता. दिसायला देखणी, स्वभावाने शांत, त्याला आणखी काय हवं होतं. कमिटीने मला परवानगी दिली ती एका अटीवर, की या घोडीचं पोट का दुखतं ते सांगायचं.

ते कळायची सगळ्यांत जास्त निकड मृण्मयी जगदाळेला होती. ती वीस वर्षांची होती आणि तरुण गटातून उतरायचं तिचं हे शेवटचं वर्ष. कोयनावर बसून ती राज्यात दुसरी आली होती. पुण्याच्या स्पर्धेत निवड झाली की राष्ट्रीय पातळीवर जायचं, हे तिने आणि तिच्या वडिलांनी इतक्यांदा बोलून ठेवलं होतं की ते झाल्यातच जमा होतं. कोयनावर तिचा फार जीव. घरून डबा आला की आधी गूळ कोयनाला.

शाळेत वेणीचा एक शिरस्ता होता. एरवी घोड्याच्या आयाळीची वेणी कुणी घालायची नाही. वेणी फक्त स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, आणि ती स्वाराने स्वतःच्या हाताने घालायची, मोतद्दाराने नाही. भोइटे सरांनी हे घोडदळातून आणलं होतं. वेण्या झाल्या की ते रांगेतून फिरत, प्रत्येक वेणी बोटांनी चाचपत, सैल लागली तर सोडून पुन्हा घालायला लावत. मग घोड्याच्या मानेवर एक थाप. ती थाप पडली की घोडा स्पर्धेला गेला असं समजायचं. नंतर लॉरी यायची.

त्या संध्याकाळी सरांनी कोयनाच्या मानेवर थाप मारली आणि म्हणाले, "गुणी आहे. पलटणीत असती तर हिच्यासाठी भांडणं झाली असती." मी पट्टा सोडून पिशवीत टाकला.

ती कोल्हापूरची स्पर्धा होती. मृण्मयी पहिली आली. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी कोयना लोळायला लागली. डॉक्टर म्हणून इंजेक्शन मीच दिलं, आणि मृण्मयी, मुलाणीमामा आणि मी आळीपाळीने तिला अंगणात फिरवत राहिलो. उजाडायच्या सुमारास तिने लीद टाकली तेव्हा मृण्मयी रडायला लागली. आम्हा तिघांना त्या लिदीचा झालेला आनंद मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही.

कमिटीचे अध्यक्ष सकाळी येऊन गेले. चांगले गृहस्थ होते, पण घोडी मेली तर वरातीवालाही घेणार नाही, हा त्यांचा हिशोब सरळ होता. भोइटे सरांना ते म्हणाले, पुण्याला काय ते शेवटचं बघू. पुण्याहून आल्यावर पुन्हा दुखलं तर विकायची. मृण्मयी तिथेच उभी होती. तिने कोयनाच्या ठाणाची कडी उगाचच काढून लावली.

त्या रविवारी मला घरी कऱ्हाडला जायचं होतं. आईचा फोन आला होता, रविवारी ये, पाहुणे येणार आहेत. कसले पाहुणे हे विचारायची गरज नव्हती. मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि हे पाहुणे दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी मैत्रिणींना सांगायचे. वाटत नाही असंच मलाही वाटायचं. पोहे खाऊन जातात, आपलं काय जातं.

जाताना मी कोयनाचा बिघडलेला पट्टा बरोबर घेतला. तो नेमका कुठे चुकतो हे बघायचा सोपा उपाय म्हणजे स्वतः घालून फिरायचं. लांब पट्टी काढून माणसाच्या मापाची लावली आणि सदऱ्याखाली बांधला. घड्याळात घोड्यांसाठी लावलेली मर्यादा तशीच होती, ऐंशीच्या वर गेलं की ते वाजायचं. सातारा स्टँडवर एसटी सुटायला लागली म्हणून मी धावले, तर ते बीप बीप करायला लागलं. कंडक्टरने विचारलं, ताई, बॅगेत काय आहे. खिडकीशी बसले आणि श्वास खाली आला, तसं ते गप्प झालं. बाहत्तर, चौऱ्याहत्तर. कऱ्हाडपर्यंत त्याने एकदाही आगळीक केली नाही. म्हणजे माणसावर पट्टा नीट चालत होता. घोडीच्या दाट केसांमुळे तो चुकत असणार, असा मी निष्कर्ष काढला आणि स्वतःवर खूश झाले.

घरी गेल्या गेल्या जेवण, मग साडी. पट्टा काढायचं राहून गेलं, किंवा खरं तर मीच राहू दिला, पूर्ण दिवस बघू म्हणून. दुपारी आईने मला मागच्या दाराशी खुर्चीवर बसवलं. तिच्या हातात खोबरेल तेलाची वाटी आणि फणी. आईची वेणी घट्ट असायची. डोळे कानांकडे ओढले जायचे. ती प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, तिचं सगळंच घट्ट. माझ्या केसांना तिचा एरवी हात लागत नसे, मी शाळा सोडली तेव्हापासून तर नाहीच. पाहुणे यायचे असले की मात्र ती स्वतः वेणी घालायची, मी घातलेली तिला चालत नसे.

तिने केस मोकळे केले, भांग पाडला आणि पहिला पेड ओढला. घड्याळ वाजायला लागलं.

"काय वाजतंय ते?" आईने विचारलं.

"घोडीचं घड्याळ."

"बंद कर. लोक येतील आता."

मी आवाज बंद केला आणि बांगड्या सरकवून आकडा पाहिला. एकशे सोळा. मी खुर्चीत बसले होते. धावले नव्हते, जिना चढले नव्हते. पट्टा इथेही चुकला म्हणावं, तर तासाभरापूर्वी जेवताना त्याने बरोबर पंच्याहत्तर दाखवले होते. मी स्वतःकडे पाहिलं. पाय जुळवलेले, हात मांडीवर, मान आईला हवी तशी सरळ. मी अगदी छान बसले होते. आई मागून पेड ओढत होती आणि माझी मान एवढीशीही हलत नव्हती. आणि आत एकशे सोळा, एकशे अठरा. मला एकदम कोयना आठवली.

पाहुणे आले. मुलगा बरा होता, बँकेत होता, मला बघून माझ्याइतकाच अवघडलेला. बाबा त्याच्या वडिलांशी उसाच्या दरावर बोलत बसले. त्याच्या आत्याने मला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग आईला म्हणाली, "मुलगी शांत आहे हो. आवडली आम्हाला." मला हसू आलं. ते पाहुण्यांना संमतीचं वाटलं असावं.

ते गेल्यावर मी मागच्या दाराशी जाऊन वेणी सोडून टाकली. आई कपबशा घेऊन आली आणि माझ्या मनगटाकडे बघत उभी राहिली.

"आता किती?"

"ब्याऐंशी."

"आणि मघाशी?"

"मघाशी एकशे सोळा."

ती आत गेली आणि कपबशा विसळायला लागली. मी संध्याकाळच्या एसटीने साताऱ्याला परत आले.

मंगळवारी सकाळी मी भोइटे सरांना म्हटलं, कोयनाची वेणी घालून बघायची आहे. ते म्हणाले, स्पर्धा नाही काही नाही, वेणी कशाला. मी म्हटलं, म्हणूनच. त्यांना ते पटलं नाही. शिरस्ता मोडायचा, तोही माझ्या कमरपट्ट्यासाठी. पण अध्यक्षांचं बोलणं त्यांच्याही डोक्यात होतं. त्यांनी मृण्मयीला हाक मारली.

कोयना ठाणात आरामात उभी होती, एक मागचा पाय ढिला सोडून, खालचा ओठ लोंबता. पट्टा बांधला. छत्तीस. घड्याळ मी सरांच्या मनगटावर बांधलं. मृण्मयी लोकर आणि फणी ठेवायचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली आणि तिने झाकण उघडलं. झाकण नेहमीसारखं वाजलं. कोयनाचा ढिला पाय खाली आला. ओठ मिटला. मान सरळ झाली. बघणाऱ्याला वाटावं की घोडी मुकाट शहाण्यासारखी तयार झाली. फणी अजून तिच्या अंगाला लागलीही नव्हती, आणि घड्याळ वाजायला लागलं.

"बिघडलंय हे," सर म्हणाले.

मृण्मयीने पहिली वेणी घातली. घड्याळ वाजतच होतं. सरांनी ते मनगटावरून काढून माझ्या हातात दिलं, पुढे झाले आणि कोयनाच्या जबड्याखाली दोन बोटं लावली. तिथे घोड्याची नाडी लागते, घोडदळातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे होते. मृण्मयी बादलीवर उभी, हातात अर्धी वेणी. कोयना हलली नाही.

"किती वर्षं मी हिच्या मानेवर थाप मारतोय," सर म्हणाले. "बोटं कधी इथे लावलीच नाहीत. शांत घोड्याची नाडी कोण बघतं." मग मृण्मयीला म्हणाले, "सोड ती वेणी."

मग हळूहळू त्यांनाच आठवलं. कोयना नवी होती तेव्हा पहिल्याच स्पर्धेला जाताना घाटात लॉरीला गचका बसला आणि ती आत खाली बसली. तिला उठता येईना. दोन तास तशीच होती. पुढे लॉरीत चढायला तिने कधीच खळखळ केली नाही, म्हणून ती गोष्ट सगळे विसरून गेले. चढायची, उभी राहायची, दिवसभर दाणा तोंडात घ्यायची नाही, उड्या मारायची, परत यायची. आणि मग पोट. नीरासारखी लाथा झाडत असती तर कुणीतरी बघितलं असतं.

"म्हणजे वेणी न घालता नेलं तर चालेल?" मृण्मयीने मला विचारलं. तिचा आवाज फार घाईचा होता. पुण्याची स्पर्धा आठवड्यावर आली होती.

मी म्हटलं, तसं केलं तर उद्यापासून ती लॉरी बघून तशी उभी राहील, नाहीतर खोगीर बघून. तिला वेणीचं भय नाही, वेणीनंतरचं आहे. वेणीनंतर काहीच होत नाही हे तिला कळायला हवं. रोज वेणी, आणि मग चरायला. पुढे रोज लॉरीत चढायचं, गवत खायचं आणि उतरायचं.

"किती दिवस?"

"माहीत नाही. महिने लागतील."

मृण्मयी बादलीवरून उतरली. तिने फणी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "हे तुम्ही पुण्यानंतर सांगायचं होतंत."

तिचा राग खोटा नव्हता आणि मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. पुण्यानंतर सांगितलं असतं तर कोयना वरातीवाल्याकडे गेली असती, हे तिलाही कळत होतं. आणि पुण्याला नेलीच नाही तर कमिटी म्हणणार, न पळणारी घोडी ठेवायची कशाला. ते सर बघून घेणार होते, तसं ते म्हणाले. दिवाळीपर्यंत घोडी त्यांच्या जबाबदारीवर. पण मृण्मयीचं वर्ष कुणी परत देणार नव्हतं. दुसरी घोडी घेऊन तिला उतरता आलं असतं, नावापुरतं. सर तिला एवढंच म्हणाले, "घोडी शाळेची आहे, पण स्वार तू आहेस. पुण्याला न्यायची तर मी आडवा येणार नाही. ठरव तू."

ती सायकल काढून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मला वाटलं, बापाने भरीला घातलं असेल, पुण्याला चल म्हणून. मुलाणीमामा म्हणाले, येईल, तिचा घोडी घासायचा खरारा इथेच राहिलाय.

त्याच्या पुढच्या सकाळी मी लाळेचे नमुने बर्फात ठेवत होते आणि पत्र्याचं झाकण वाजल्याचा आवाज आला. ती आली होती. कोयना ताठ उभी होती. मृण्मयीने सगळ्या वेण्या घातल्या, शेवटच्या बटेपर्यंत, लाल लोकरीसकट. एकही सैल नाही. मग तिने खोगीर घातलं नाही, लगाम घातला नाही, नुसता दोर लावला आणि तिला घेऊन कालव्याकडे निघाली. तिथे हिरवं गवत होतं. भोइटे सर पागेच्या दारात उभे होते. कोयना समोरून जाताना त्यांचा हात सवयीने थाप मारायला वर गेला, आणि तसाच मागे आला. कालव्याकाठी घोडीने खूप वेळ मान खाली घातली नाही. वेण्या घालून गवतात सोडलेला घोडा तिथल्या कुणीच पाहिला नव्हता, तिने तरी कुठे पाहिला होता. मृण्मयी दोर धरून बांधावर बसून राहिली. पुण्याच्या स्पर्धेच्या दिवशीही ती तिथेच बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले तर म्हणाली, काही बोलू नका ताई.

पावसाळा सरेपर्यंत हे चाललं. मधल्या काळात कधीतरी असं झालं की झाकण वाजलं आणि कोयनाचा ढिला पाय ढिलाच राहिला. घड्याळात चव्वेचाळीस. मृण्मयीने मला खूण करून बोलावलं. कोयना वेणी घालताना मान मागे वळवून तिच्या खिशात गूळ शोधत होती, लोकर ओढत होती, एकदा तर तिने मृण्मयीला बादलीवरून पाडलं. नीरासारखीच द्वाड झाली होती. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. लाळेचे अहवाल त्यानंतर आले आणि आम्हाला ठाऊक असलेलंच त्यांनी सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात मृण्मयी तिला घेऊन मोठ्यांच्या गटात उतरली. चौथी आली. राष्ट्रीय स्पर्धेला ती कधीच गेली नाही. त्या हिवाळ्यातल्या स्पर्धेहून परत आल्यावर आम्ही दोन रात्री पाळत ठेवली. कोयना दोन्ही रात्री चारा खात होती. वरातीवाल्याने दुसरी घोडी घेतली. भोइटे सरांनी शिरस्ता बदलला. त्यांच्या शाळेत तेव्हापासून कधीही, कुठल्याही घोड्याची वेणी घालत, आणि स्पर्धेच्या दिवशी सर थाप मारण्याआधी जबड्याखाली बोटं लावत, असं मला मुलाणीमामांनी सांगितलं.

माझा प्रबंध झाला. त्यात कोयनाचे आकडे आहेत, नीराचे आहेत. पट्टा बिघडलेला नाही हे मला कसं कळलं, ते त्यात नाही. मार्गदर्शकांनी विचारलं तेव्हा मी उपकरणाची पडताळणी केली असं म्हटलं. ते खरंच होतं.

त्या बँकेतल्या मुलाकडून होकार आला होता. आईने मला फोन करून विचारलं, काय कळवू. आधीच्या पाहुण्यांना काय कळवायचं ते घरात ठरायचं, मला सांगण्यात यायचं. मी म्हटलं, नाही म्हणून कळव. बरं, म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर कित्येक दिवस, रविवारी ये, असा तिचा फोन आला नाही. मग मीच एका शनिवारी न कळवता गेले. ती गवार मोडत बसली होती, मीही मोडायला बसले, आणि बोलता बोलता तिला कोयनाचं सांगितलं. डबा, झाकण, कालव्याकाठचं गवत. भाजी झाली, जेवणं झाली.

दुपारी ती तेलाची वाटी आणि फणी घेऊन मागच्या दाराशी आली.

"इकडे बस."

माझे पाय आपोआप जुळले. मी विचारलं, "कोण येणार आहे?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय. बस."

मी बसले. तिने केस सोडले आणि तेल लावलं, सावकाश, शाळेत असताना लावायची तसं. पेड ओढताना तिचा हात जरा थबकत होता, घट्ट होतंय का हे बघत असावी. वेणी अर्धी झाली तेव्हा मागून तिचा आवाज आला. "मला वाटायचं तुला चालतंय. इतकी गप्प बसायचीस."

डोळे भरून आले होते आणि ती मागे होती, तिला ते दिसलं नाही हे बरं झालं. घड्याळ पिशवीत होतं, मी ते काढलं नाही. तिने वेणीच्या टोकाला रबर लावलं, बाजाराची पिशवी घेतली, आणि आम्ही दोघी मंडईत मेथी आणायला गेलो.